न फुटणारी काडी

हायड्रोमीटर विकत घेताना तो आधी कानाने पाहावा, असं माझे घरमालक म्हणत. देठ दोन बोटांत धरायचा, खालच्या फुगीर भागावर नखाने हलकी टिचकी मारायची आणि ऐकायचं. "टण् वाजला तं घेऊन टाका. टक् वाजला तं दुकानदाराले नमस्कार करा अन् पायऱ्या उतरा."

ही वस्तू ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ती एक बंद काचेची नळी असते. खाली फुगीर, त्यात शिशाचे छर्रे भरलेले. वर पेन्सिलीहून बारीक देठ, आणि देठाच्या आत आकड्यांची कागदी पट्टी. रसात सोडली की ती उभी तरंगते. रस गोड असला तर उंच उभी राहते, रसातली साखर आंबून संपत जाईल तशी रोज थोडी थोडी खाली बुडते. घरी वाइन करणाऱ्याला आत काय चाललंय ते एवढ्या एकाच वस्तूवरून कळतं. घरमालकांना मी काका म्हणायची; ते तिला काडी म्हणत.

टिचकीनंतर दुसरी परीक्षा छर्ऱ्यांची. ते मेणाने बसवलेत की लाखेने? "वर्ध्याच्या मे महिन्यात मेनाचं काय होते, सांगू? वितळते. छर्रे एका बाजूले सरकते अन् काडी दारुड्यावानी तिरपी चालते. दारूबंदीच्या जिल्ह्यात असं बरं दिसते का?" तिसरी परीक्षा पट्टीची: काडी उलटी करून तळहातावर दोनदा ठोकायची आणि कागद जागचा हलतो का पाहायचं. चौथी देठाची, आणि ही सगळ्यात अवघड. "बारीक देठ खरं बोलते अन् लवकर मरते. जाड देठ भल्ला जगते, पन अंदाजपंचे बोलते. आपल्याले दोन्हीच्या मधला पायजे." हे ते काडीबद्दल बोलतायत की माणसांबद्दल, हे मला कधी विचारता आलं नाही.

एवढ्या परीक्षांतून पास झालेली काडी सायकलच्या जुन्या पंपात, कापसाच्या गादीवर निजे. मापाच्या उंच नळकांड्याच्या तळाशीही कापूस. त्या गावात कापसाला काही तोटा नव्हता. तरीही काड्या फुटत. मी तिथे राहिले तेवढ्या काळात किती फुटल्या ते मी मोजलं नाही, काकू मोजत.

बोरगाव मेघेला त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी तीन वर्षं भाड्याने राहिले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. वर्ध्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले होते. वडिलांची बदलीची नोकरी, त्यामुळे मीही अशाच शाळांमधून वाढले, आणि माझं मराठी घरातल्या चार खोल्यांपुरतं होतं. त्यापलीकडचा शब्द आला की मी मान हलवायची. लाजऱ्या माणसाला मान हलवणं फार सोयीचं पडतं. बोलणं पुढे सरकतं आणि कुणी आपल्याकडे बघत बसत नाही. एकदा काकूंनी "सांडशी आन" म्हटलं. मी मान हलवली, स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाही.

काका कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमधून निवृत्त झाले होते. प्राध्यापक म्हणून नव्हे. प्राध्यापकांच्या आधी येऊन टेबलं मांडणारे आणि ते गेल्यावर काच धुणारे सहायक म्हणून. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची काच सांभाळली, असं ते म्हणत. मुलगी लग्न होऊन पुण्याला. घरात दोघंच. मागच्या अंगणाला लागून एक खोली होती, तिला ते 'मागची' म्हणत. तिथे चिनी मातीच्या बरण्या, गाळायची फडकी, नळकांडं आणि तो सायकलचा पंप.

बरण्यांत जांभळाचा रस असे. जून लागला की आंजी गावचे त्यांचे नातेवाईक टोपल्या भरून जांभळं पाठवत. त्यांना करायचा असे सिरका. पण रसाचा सिरका थेट होत नाही. आधी त्याची वाइन व्हावी लागते, मग ती उघडी ठेवली की सिरका. दुसरा रस्ता नाही. काका 'वाइन' हा शब्द उच्चारत नसत. 'पहिली पायरी' आणि 'दुसरी पायरी'. काडी साठाच्या खुणेवरून शून्यावर आली की पहिली पायरी संपली. त्याआधी झाकण काढलं तर सगळं नासतं, म्हणून काडी पाहिजे.

"पयले वीस दिवस मी गुन्हेगार," ते मला म्हणाले होते. "मंग वैद्य."

गल्लीच्या टोकाला एक निवृत्त हवालदार राहत. त्यांना साखरेचा आजार. दर वर्षी ते फाटकाशी येऊन विचारत, "झालं का हो तयार?" काका त्यांना फाटकाच्या आत घेत नसत. "अजून पाप हाय, हवालदारसाहेब. पुण्य व्हाले आठ दिवस लागते." हवालदार मान डोलवत परत जात आणि बरोबर आठ दिवसांनी बाटली घेऊन येत.

पहिल्या पायरीची एक लहान बाटली मात्र दर वर्षी बाजूला निघे. तिच्यावर 'नमुना' अशी चिठ्ठी. काकू म्हणत, "यायचा नमुना दिवाळीपोतर अर्धाच राह्यते. हवेत उडते म्हने."

"बाष्पीभवन," काका म्हणत.

"हो वो. अन् बाष्पीभवन झालं का मानूस गाने म्हन्ते."

काकांना जगातली कुठलीही पातळ वस्तू काडीशिवाय सोडवत नसे. दुधासाठी वेगळी काडी होती. दूधवाला त्यांना टाळून मागच्या दाराने येई, आणि ते मागच्या खोलीतच बसलेले असत. शेजारच्या लग्नात ते जिलबीच्या पाकाजवळ काडी घेऊन गेले आणि आचाऱ्याने झारा उगारला. परत येताना चिडलेले नव्हते. "पाक पक्का होता. त्यानं मोजल्याबिगर केलता. असा मानूस मारते तं मारू द्या." माणसांनाही ते आकडे देत. गल्लीतल्या एका पुढाऱ्याला 'हजार', म्हणजे पट्टीवरचं शून्य, निव्वळ पाणी. काकूंना 'काडी वरतेच फेकते, मोजता येत नाई'. माझ्याकडे पाहून एकदा म्हणाले, "तू बुडत नाईस, तरंगतबी नाईस. मधातच थांबलेली हायेस. पट्टीवरचा आकडा पान्याच्या आत हाय, वाचता येत नाई." मी मान हलवली. या वेळी सगळे शब्द मला कळले होते, तरीही.

त्यांच्या आणखीही तऱ्हा होत्या. रस्त्यात त्यांना बाजूने कुणी नमस्कार केला तर ते सरळ पुढे निघून जात. समोरून केला तर थांबून दहा मिनिटं बोलत. लोक म्हणत, लॅबवाल्या मास्तरांच्या मनात आलं तर ओळख, नाही तर नाही. चांगली सायकल त्यांनी अचानक विकून टाकली. "पायी चालल्यानं विचार चांगले येते." घरात चालताना भिंतीला एक हात लावून चालत, जणू भिंत सोबत फिरायला निघाली आहे. अंगणात कपड्याच्या तारेचा एक खांब होता, त्यावर आठवड्यातून एकदा तरी खांदा आपटे आणि ते खांबाला "माफ करजो बाप्पा" म्हणत. जेवताना काकूंनी ताटाच्या डावीकडे ठेवलेलं लोणचं ते मागून घेत, आणि काकू म्हणत, "समोर पडलं हाय वो! आंधळे झाले काय?" हे वाक्य त्या घरात घड्याळाच्या ठोक्यासारखं होतं. काका हसत. मीही वरच्या पायरीवर बसून हसायची.

या सगळ्या गमती मी बंगलोरला शिकणाऱ्या बहिणीला इंग्रजीतून पत्रं लिहून कळवत असे. ती उत्तरात लिही, अजून पाठव. मी अजून पाठवायची. इतकं निरखून पाहण्याचा मला अभिमानच होता.

दुसऱ्या वर्षीच्या जूनची गोष्ट. एका आठवड्यात दोन काड्या फुटल्या. दुसरी माझ्यासमोर. काकांनी गुडघे टेकले, डोळा रसाच्या पातळीला आणला, आकडा वाचला: "चौतीस." मी वहीत लिहिला. नंतर मी स्वतः पाहिलं, चौतीसच होता. बारीक रेघा, मंद उजेड, सत्तरीकडे झुकलेला माणूस, आणि अचूक. मग ते उठायला लागले, आणि डाव्या कोपराने नळकांडं आडवं केलं. फरशीवर जांभळा रस पसरला, त्यात काचेचे तुकडे.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "गेली काय?"

"काच बेकार हाय!" काका ओरडले. मग खाली बसून तुकडे तळहातावर गोळा करू लागले. मी मदतीला बसले. ते माझ्याकडे न पाहता हळू आवाजात म्हणाले, "मागं नागपूरले गेलतो ना, तवा दाखवलं. काचबिंदू हाय म्हने."

मी पुढचा तुकडा उचलला.

"कोनाले सांगजो नोको. काकूले तं बिलकुल नाई."

मी मान हलवली.

हे वाचणाऱ्या कुणालाही तो शब्द कळला असेल. मला कळला नाही. डोळ्यांच्या त्या आजाराचं इंग्रजी नाव मला माहीत होतं, स्पेलिंगसकट. मी ते मुलांना शिकवलंही होतं. पण काचबिंदू मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. काच आणि बिंदू. हातात काचेचे तुकडे. मला वाटलं, काच ओतताना आत राहून जाणारा हवेचा थेंब असणार, ज्याच्यामुळे ती कमजोर होते. नागपूरच्या दुकानदाराला काडी दाखवली असणार, त्याने दोष सांगितला असणार. पुन्हा सदोष वस्तू घेतली हे काकूंना कळू नये, एवढंच. सगळं इतकं नीट जुळलं की विचारायची गरजच पडली नाही.

त्या दिवसापासून काका माझ्याशी वेगळे वागू लागले. आधी मी 'मॅडम' होते, आता 'पोरी' झाले. संध्याकाळी पायरीवर येऊन बसत. कधी म्हणत, "आज बरं हाय," आणि मी म्हणायची, "छान." कधी म्हणत, "चाललं हाय हळूहळू. आपन काय करनार?" मी मान हलवायची. मला ते रसाबद्दल वाटे. एवढा मोकळेपणा माझ्याशी कुणी मोठ्या माणसाने कधी दाखवला नव्हता. मला फार बरं वाटायचं, हे लिहिताना लाज वाटते.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेने मला प्रयोगशाळेच्या सामानासाठी नागपूरला पाठवलं. काकांनी एका कागदावर काडीची मागणी लिहून दिली: देठ मध्यम, छर्रे लाखेत, पट्टी घट्ट. मी मनात आणखी एक अट घातली. बहीण म्हणत असे की मी कुणासाठी स्वतःहून काही करत नाही. मी ठरवलं, काकांना कधीच न फुटणारी काडी आणून द्यायची.

सीताबर्डीच्या बाजूला एका गल्लीत ते दुकान होतं. दुकानदार साठीचा, चष्मा कपाळावर. शाळेचं सामान झाल्यावर मी हायड्रोमीटर म्हटलं. तो म्हणाला, "बॅटरीचा का दुधाचा?"

"साखरेच्या रसाचा."

"मॅडम कुठून आल्या?"

"वर्ध्याहून."

"अच्छा, अच्छा," असं म्हणून तो एवढं हसला की मी कानापर्यंत लाल झाले. पण त्याने तीन काड्या आणून कापडावर ठेवल्या. मी पहिली उचलली, टिचकी मारली, ऐकलं. त्याने भुवया वर केल्या. मी छर्रे पाहिले. पट्टी ठोकून पाहिली. मग काडी उजेडाकडे धरली आणि विचारलं, "यात काचबिंदू नाही ना?"

"काय नाही ना?"

"काचबिंदू. काचेतला. त्याने फुटते ना लवकर."

त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "मॅडम, काचबिंदू काचेत नसते. डोळ्यात असते. काडीले डोळे कुठून आणू मी?" आणि पुन्हा हसला. मग माझा चेहरा पाहून थांबला. "कोणाला आहे?"

मी म्हटलं, "त्यात काय होतं?"

त्याने दोन्ही तळहात कानशिलांजवळ धरले. "टांग्याच्या घोड्याले झापडं लावते ना, तसं. समोरचं दिसते. बाजूचं जाते. आमच्या बाबांना होता. समोर पेपर धरून बारीक अक्षर वाचत, अन् बाजूचा चहा सांडत. आम्ही म्हणत होतो, म्हातारा ढिला झाला."

"मग?"

"मग काय. थेंब टाकावे लागतात, जन्मभर. जेवढं गेलं ते येत नाही. राहिलेलं राहते. उशीर झाला तर तेही नाही."

मी तिथे उभी होते आणि माझ्या पत्रांतलं एक एक वाक्य मला दिसत होतं. सायकल. खांब. लोणचं. बाजूने केलेले नमस्कार. भिंतीवरचा हात. हे सगळं मी पाहिलं होतं, नीट लिहिलंही होतं. जून ते दिवाळी. काड्या कापडावर तशाच ठेवून मी निघाले. एकही घेतली नाही.

घरी पोचले तेव्हा काका मागच्या खोलीत होते. "आनली काय काडी?"

"नाही."

"काऊन? टक् वाजली?"

"काका, काचबिंदू म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं."

ते माझ्याकडे वळले. खांदे, मग मान, मग चेहरा, असे पूर्ण वळले. "म्हंजे?"

"मला वाटलं, काचेतला बुडबुडा असतो."

आधी ते हसले. इतके हसले की स्टुलावर बसावं लागलं, डोळे पुसावे लागले. "बुडबुडा! अवो, बुडबुडा म्हन्ते पोट्टी!" मग हसणं एकदम बंद झालं. बराच वेळ ते हातातलं फडकं घडी करत राहिले, उलगडत राहिले.

"म्हंजे एवढे दिवस मी एकटाच होतो काय?" ते म्हणाले.

मग त्यांनीच सांगितलं. त्यांच्या थोरल्या भावालाही हेच होतं. फार उशिरा दवाखान्यात गेले. ऑपरेशन झालं, तरी डोळे गेले. तेव्हापासून काकांच्या डोक्यात बसलं होतं की डोळ्याला हात लावला की डोळा जातो. नागपूरच्या डॉक्टरने दिलेले थेंब त्यांनी महिनाभर चोरून टाकले. "टाकून काई जास्त दिसलं नाई. मंग सोडले. अन् काकूले समजलं तं मागच्या खोलीले कुलूप लागते, पोरगी पुन्याले घेऊन जाते. मी तिथं कोनत्या भिंतीले हात लावू?"

"थेंब जास्त दिसण्यासाठी नसतात," मी म्हटलं. "आहे ते राहावं म्हणून असतात."

"एवढं साल जाऊ दे. आता तं तुले समजलं ना? आता खरोखर समजून गप राह्य. तुह्यासारखं गप कोनाले राहता येत नाई."

ते वाट पाहत होते. समोर बसले होते, मी त्यांना स्पष्ट दिसत होते. हो म्हणायला मला काहीच लागलं नसतं. मी मान हलवली नाही. नाहीही म्हटलं नाही. उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

काकू भाकरी थापत होत्या. मी दाराला पाठ लावून, मोडक्या वाक्यांत, मधे दोन इंग्रजी शब्द घालून, सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. भाकरी परातीत फिरत राहिली, पातळ होत गेली, कडा फाटल्या, तरी फिरत राहिली.

"म्या त्याइले आंधळे म्हनत होती वो, बाई," त्या म्हणाल्या. "रोज म्हनत होती. दोनी टाइम."

मग त्यांनी तवा उतरवला, हात धुतले, आणि मागच्या खोलीत गेल्या. मी वर माझ्या खोलीत गेले. भांडण ऐकू येईल असं वाटलं होतं. काहीच ऐकू आलं नाही, आणि त्या दिवशी खालच्या घरात भाकरी झाली नाही.

दुसऱ्या आठवड्यात काकू त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. डाव्या डोळ्याचं फार गेलं होतं. उजव्याचं निम्म्याहून जास्त शिल्लक होतं. वर्षभर आधी आले असते तर, असं डॉक्टरांनी सुरू केलं आणि काकूंनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "जे हाय त्याचं सांगा." थेंब सकाळ-संध्याकाळ, एकही वेळ न चुकता. मुलगी पुण्याहून येऊन गेली. वडिलांना घेऊन जायचा विषय तिने काढला, आणि काकूंनीच तो मोडला. मागच्या खोलीला कुलूप लागलं नाही. फक्त काकूंनी कपड्याच्या तारेचा तो खांब उपटून टाकला आणि लोणचं ताटाच्या मधोमध वाढायला सुरुवात केली. त्या घरातलं ते जुनं वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही.

काका माझ्याशी बोलत नव्हते. म्हणजे बोलत, पण मी परत 'मॅडम' झाले होते. "मॅडम, तुमचं टपाल आलं हाय." "मॅडम, पानी दोन वाजता येनार." प्रत्येक तुमचं, तुम्ही मला ऐकू यावं असं म्हटलेलं. मी पत्र लिहिणं बंद केलं होतं. बहिणीने विचारलं, तुझे म्हातारे गृहस्थ कसे आहेत? मी तब्येतीचं लिहिलं. गंमत काही लिहिली नाही.

पुढच्या जूनमध्ये जांभळं आली तेव्हा डावीकडची बाजू मी धरायला लागले. ते गुडघे टेकून आकडा वाचत, मी नळकांड्याच्या डाव्या अंगाला हात धरून उभी. "एकवीस." मी लिहायची. त्या वर्षी एकही काडी फुटली नाही. काच तीच होती, देठ तेवढाच बारीक.

पण मला आठवते ती त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली एक सकाळ. काकूंना माहेरी अचानक जावं लागलं होतं. शेजारीण येऊन थेंब टाकून जाईल असं ठरलं होतं; ती काही आली नाही. मी शाळेला निघाले होते. काका पायऱ्यांच्या खाली, उन्हात, स्टूल टाकून बसले होते. हातात ती छोटी बाटली.

"मॅडम," ते म्हणाले, मग थांबले. "माह्याच्यानं नेम बसत नाई. दोनदा वाया गेला."

मी पर्स पायरीवर ठेवली. त्यांनी मान मागे टाकली. पस्तीस वर्षं काच सांभाळलेल्या त्या माणसाने दोन बोटांनी स्वतःची पापणी ओढून धरली आणि डोळा माझ्यासमोर उघडा ठेवला. इतक्या जवळून मी कुणाचाच डोळा पाहिला नव्हता. तपकिरी होता, कडेला निळसर. त्यात काहीही बिघडलेलं दिसत नव्हतं.

थेंब सुटला.

"पडला काय?"

"नाही," मी म्हटलं. "गालावर पडला."

त्यांनी गाल पुसला नाही. पापणीवरची बोटंही काढली नाहीत. "मंग टाक दुसरा. घाई नाई."

दुसरा आत पडला. मग दुसऱ्या डोळ्यात. त्यांनी डोळे मिटले आणि डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे नाकाजवळचे कोपरे बोटांनी दाबून धरले. दोन मिनिटं तसंच बसायचं असतं.

"शायेले उशीर होईन तुले," ते मिटल्या डोळ्यांनी म्हणाले.

"होऊ दे."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले होते, डाव्या बाजूला. ते मनातल्या मनात सेकंद मोजत होते. ओठ हलत होते. शंभराच्या आसपास आले असतील तेव्हा मी उठले, अंगणात समोर जाऊन उभी राहिले आणि ते डोळे उघडायची वाट पाहू लागले.